शेवटाच्या अलीकडचा

टिळकवाडीच्या रेल्वे फाटकाजवळ, दुसऱ्या मजल्यावर,
अठरा डिग्रीला थंड केलेल्या खोलीत
मी मे महिन्यातही स्वेटर घालून बसतो.
पहिल्या रात्री हलकर्णी मॅडमनी विचारलं,
"काय बघूलास, रवळप्पा?"
म्हटलं, पत्ता बघूलालो. पॅकेट कुठं जातंय ते.
"पत्ता कडेचा राउटर बघतो. एकदाच.
मधल्यानं पत्ता वाचायचा नाही."

मग कुंद्याच्या रिकाम्या खोक्यावर
बॉलपेननं पाच गोल काढले:
बेळगाव, काकती, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी.
काकतीनं आधीच सांगून ठेवलंय बेळगावला,
निपाणीचं काही असलं तर त्याला सतरा म्हणून पाठव.
म्हणून निघताना डोक्यावर सतरा.
काकती सतरा वाचते, तक्त्यातून बोट फिरवते,
सतरा पुसते, दोनशे तीन लावते,
ढकलते पुढं.
हत्तरगीला विचारा सतरा कोण,
ती ओळख देणार नाही.
सतरा म्हणजे काय ते
फक्त त्या दोन शेजाऱ्यांत.

मला हे लगेच कळलं.
आधारवर मी रवळनाथ,
ऑफिसात रवळप्पा,
पगाराच्या कागदावर कानडीत असं काही
जे मी अजून अक्षराला अक्षर जोडून वाचतो,
क्रिकेटच्या पोरांत घाडी.
एकाचं नाव दुसऱ्याकडं चालत नाही.
खरं, आतला माल
कुणी उघडून बघितलेला नाही.

पाट्या रंगवणारे दिवसा येतात,
काळं फासणारे रात्री.
आमच्याकडं सेकंदाला लाखो नावं बदलतात
आणि कुणी टायर जाळत नाही,
असं मी एकदा म्हणालो.
मॅडम हसल्या नाहीत.
म्हणाल्या, "आकड्यांना आई नसते, रवळप्पा."

ऑगस्टात संकेश्वरच्या अलीकडं
जेसीबीनं आमची केबल मुळासकट उपटली.
स्क्रीन लाल व्हायच्या आत
हत्तरगीनं लेबलावर आणखी एक लेबल चढवलं
आणि सगळं हुक्केरीवरून वळवलं.
हुक्केरीनं वरचं उतरवून ठेवलं.
संकेश्वरला ठरलेलाच आकडा मिळाला,
फक्त दुसऱ्या दारानं.
पन्नास मिलिसेकंद.
निपाणीच्या पतपेढीत पैसे मोजणाऱ्या बाईचं
बोटसुद्धा थांबलं नसेल.
मी मात्र पहाटेपर्यंत फोनवर,
मिरचीच्या शेतात उभ्या असलेल्या मुचंडीकरला
टॉर्च कुठं धरायचा ते सांगत.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली.
निपाणी संकेश्वरला सांगते: तीन.
तीन म्हणजे, माझ्याकडं धाडताना काही लावू नको,
मोकळंच धाड.
हा तीन तारेवर कधी दिसत नाही,
मी महिनाभर शोधला.
लेबल उतरवायचं ते शेवटच्यानं नव्हे,
शेवटाच्या अलीकडच्यानं,
म्हणजे घरच्याला दोनदा बघावं लागत नाही.
आदल्यालाच एवढं कळत असेल
असं मला वाटलं नव्हतं.

मॅडम गेल्या शुक्रवारी रिटायर झाल्या.
शेवटची नाइट करून
ऑफिसच्या गाडीतून आम्ही एकत्र निघालो,
ड्रायव्हर अडव्याप्पा, पुढच्या सीटवर त्यांची कुंडी,
सर्व्हर रूमबाहेर वाढवलेला मनीप्लांट.
हिंडलगा मागं पडलं. उचगाव फाट्यावर गाडी थांबली.
मी उतरलो, दार लावायला वळलो.
"येतो, मॅडम."
"नीट जा, रवळू."

हे नाव त्यांना कुणी सांगितलं
ते मी विचारलं नाही.
गाडी वळली, कुंडी हलली.

फाट्यापासून घर अर्धा किलोमीटर.
दार उघडंच होतं.
आई चुलीपुढं, पाठ माझ्याकडं,
चप्पल काढायच्या आवाजावर
वळली नाही, नाव घेतलं नाही, म्हणाली,
"आलास?
दूध उतू चाललंय, बघ."